पुढचा एक दात

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून आहेत. काउंटरच्या अलीकडे गॅरेजची पोरं कागदात गुंडाळलेला तेलकट नमुना घेऊन उभी असतात, पलीकडे छतापर्यंत रचलेली खोकी. चेनसेट मागितला की दुकानदार विचारतो, "गाडी कुठली? मॉडेल कुठलं?" उत्तर मिळालं की खोकं समोर येतं. आत एक चेन, एक पुढची चक्री, एक मागची चक्री आणि पुडीत बांधलेलं चेनलॉक. पैसे देऊन पोरगा निघतो आणि पुढचं गिऱ्हाईक सरकतं. गाडी घाटात चालते की सपाटीवर, मागे कोण बसतं, काय लादलं जातं, हे कुणी विचारत नाही. गिऱ्हाईकही सांगत नाही.

माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा. इंजिन न उघडता मोटरसायकलची ओढ आणि धाव बदलता येते, आणि ती सर्वांत स्वस्तात बदलायची संधी मालकाला चेनसेट टाकायच्या दिवशीच मिळते. रोजच्या वापरातल्या गाडीला हा दिवस साधारण पंधरा-वीस हजार किलोमीटरला एकदा येतो. तेव्हा जुने भाग निघणारच असतात, नवे विकत घ्यायचेच असतात आणि मजुरीही द्यायचीच असते. पुढच्या चक्रीला एक दात कमी घ्यायचा की जास्त, एवढंच ठरवायचं राहतं. बहुतेक जण ते न ठरवताच घरी जातात.

हिशेब शाळकरी आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या ३९० ड्यूकला पुढे १५ आणि मागे ४५ दात येतात. म्हणजे पुढची चक्री तीन वेळा फिरली की मागचं चाक एकदा फिरतं. आता पुढे १५ च्या जागी १४ दातांची चक्री बसवली तर तीनचा आकडा ३.२१ होतो. चाकाला मिळणारी ओढ सात टक्क्यांनी वाढते. त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही सात टक्क्यांनी वाढतात. ज्या वेगाला आधी मिनिटाला ६,००० फेरे लागत, तिथे आता सुमारे ६,४०० लागतील. उलट १६ दातांची बसवली तर आकडा २.८१ वर येतो, फेरे ५,६०० च्या आसपास उतरतात, आणि चढावर गिअर लवकर पाडावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही. ओढ घेतली तर धाव द्यावी लागते.

गॅरेजात जो ठोकताळा सांगतात, तो या हिशेबाला धरूनच आहे. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन दात. ४५ ला १४ ने भागा किंवा ४८ ला १५ ने, उत्तर जवळजवळ तेच येतं. पुढची चक्री तळहातात मावते, किमतीला हलकी असते आणि एका दाताने चेनच्या लांबीत फक्त अर्ध्या कडीचा फरक पडतो. मागचा एक्सल त्यासाठी जेमतेम तीन-चार मिलिमीटर सरकवावा लागतो, तेवढी जागा प्रत्येक गाडीत असते. मागे तीन दात वाढवले तर एक्सलला सेंटिमीटरभर पुढे यावं लागतं. तेवढी जागा नसली तर लांब चेन घ्यावी लागते, आणि कड्या दोनदोननेच वाढतात, कारण आतली कडी आणि बाहेरची कडी अशी जोडी असते. म्हणून बहुतेक लोक पुढच्या चक्रीशीच खेळतात. घाटाखालच्या मेस्त्रींचं सगळं ज्ञान त्या पुढच्या एका दातात साठलेलं आहे.

या चेनची जन्मकथा सांगायला हवी. स्वित्झर्लंडच्या आराऊ गावी जन्मलेला हान्स रेनोल्ड हा यंत्रज्ञ इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आला. तिथल्या कापडगिरण्यांच्या यंत्रांना लागणाऱ्या साखळ्या बनवणारा जेम्स स्लेटरचा छोटा कारखाना त्याने १८७९ मध्ये विकत घेतला. स्लेटरच्या साखळीत सगळा भार बारीक पिनेवर यायचा, त्यामुळे ती लवकर कापली जायची. रेनोल्डने पिनेवर बुश घातला, बुशवर रोलर चढवला, भार रुंद पृष्ठावर पसरवला, आणि १८८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज स्प्लेंडरपासून ड्यूकपर्यंत फिरते ती चेन मुळात हीच. तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, पण पिन, बुश, रोलर आणि पट्टी या चौघांची मांडणी तशीच राहिली.

तरीही मोटरसायकलवाल्यांनी चेन लगेच स्वीकारली नाही. सुरुवातीच्या पुष्कळ गाड्या चामड्याच्या पट्ट्यावर चालत. पट्टा मऊ चालतो आणि आवाज करत नाही, पण पावसात घसरतो आणि चढावर सुटतो. १९११ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीचा मार्ग पहिल्यांदाच डोंगरावरून, स्नेफेलच्या चढावरून नेण्यात आला. त्या वर्षी मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत पहिले तीनही क्रमांक अमेरिकेच्या इंडियन कंपनीच्या गाड्यांनी घेतले. ऑलिव्हर गॉडफ्रे पहिला आला. त्या गाड्यांना चेन होती आणि दोन गिअर होते. गिअरिंगचा प्रश्न डोंगरानेच विचारला आणि डोंगरावरच त्याचं उत्तर मिळालं, ही गोष्ट सह्याद्रीच्या कुशीत गाडी चालवणाऱ्याला पटायला वेळ लागू नये.

आपल्याकडे एक आख्खी पिढी चेनशिवाय वाढली. बजाजच्या जुन्या स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला चिकटून असायचं आणि गिअरमधूनच थेट चाक फिरायचं. चेतकच्या मालकाला चेनला तेल घालणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग शंभर सीसीच्या मोटरसायकली आल्या, गावोगाव पोचल्या, आणि चेन घरोघरची झाली. ती सांभाळायची सवय मात्र गाडीबरोबर आली नाही.

चेन 'ताणली' असं आपण सगळेच म्हणतो. पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्याभोवतीचा बुश झिजतो, त्या झिजेएवढी फट पडते, आणि शंभराहून जास्त जोडांची फट एकत्र झाली की चेन लांब झालेली दिसते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना बहुधा ४२८ नंबरची चेन असते. त्यातला चारचा आकडा म्हणजे चार अष्टमांश इंच, म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांच्या ५२० किंवा ५२५ चेनमध्ये हे अंतर पाच अष्टमांश इंच असतं. ४२८ च्या सलग वीस कड्या ताणून धरून मोजल्या तर नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर भरायला हवेत. २५९ भरले तर दोन टक्के झीज झाली, चेन संपली. साधी पोलादी पट्टी घरात असली तरी हे मोजमाप दारात बसून होतं. वीस-वीस कड्या दोन-तीन ठिकाणी मोजाव्यात, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हाताने फिरवताना एका जागी चेन घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल होते, ती या असमान झिजेमुळे. अशी चेन कितीही वेळा ताणून घ्या, सैल बाजूला धरून ताणली तर घट्ट बाजू गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर उठते.

मोजपट्टी नसेल त्यांच्यासाठी मेस्त्री लोकांची खूण आहे. मागच्या चक्रीच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढायची. खालचा दात अर्ध्याहून जास्त उघडा दिसला तर चेनसेट घ्यायची वेळ झाली. चक्रीचे दात करवतीसारखे टोकदार आणि एका अंगाला वळलेले दिसत असतील, तर ओढून बघण्याचीही गरज उरत नाही.

इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. गिऱ्हाईक म्हणतं, "चक्र्या चालतील अजून, नुसती चेन टाका." नव्या चेनच्या कड्यांचं अंतर बरोबर १२.७ असतं. जुन्या चक्रीचे दात मात्र झिजलेल्या, लांबलेल्या चेनच्या अंतराला सरावून खोल आणि वाकडे झालेले असतात. नव्या चेनचा भार सगळ्या दातांवर न पसरता एकदोन दातांवरच येतो, आणि जी चेन वीस हजार किलोमीटर चालायची ती निम्म्यातच हात टेकते. उलट, जुन्या चेनखाली नव्या चक्र्या घातल्या तर लांबलेली चेन दातांच्या टोकाकडे चढते आणि नवे दात कुरतडते. तिन्ही भाग एकत्र झिजतात, म्हणून एकत्रच बदलायचे. याला अपवाद नाही.

सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजात चेनसेट बदलण्याचं काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं. मेस्त्री साठीच्या घरातले, हाताखाली दोन पोरं. गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि पोराने लगेच मागच्या चाकाच्या नटाला पाना लावला. मेस्त्रींनी त्याला थांबवलं. "आधी पुढची सोड. चेन काढल्यावर तिला धरणार कशाने?" चेन जागेवर असताना मागचा ब्रेक दाबून धरला की पुढची चक्री फिरत नाही आणि तिचे बोल्ट सुटतात. चेन काढून झाल्यावर हीच चक्री मोकळी फिरते आणि मग पोरं तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर अडकवून दात फोडतात. लहान गाड्यांना पुढची चक्री एका पातळ पट्टीने आणि दहा नंबरच्या दोन बोल्टांनी धरलेली असते. मोठ्या गाड्यांना एकच दांडगा नट असतो आणि त्याच्यावर वाकवलेला वॉशर. तो वॉशर छिन्नीने सरळ करून पुन्हा वापरतात, ते बरं नाही. नवा वॉशर थोडक्या पैशांत येतो.

पुढचं कव्हर उघडल्यावर आत काळा राडा निघाला. ग्रीस, वाळू, वाळलेला चिखल, सगळं एकजीव झालेलं. मेस्त्रींनी ते खरवडून काढलं, रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि चक्रीच्या मागचं ऑइल सील बघितलं. सील पाझरत असेल तर आत्ताच बदलायचं, कारण पुन्हा हे सगळं उघडायला मजुरी पडते. मग चाक काढलं. मागची चक्री चार नटांवर असते आणि ती ज्या हबमध्ये बसते त्यात रबराचे ठोकळे असतात. थ्रॉटल सोडला-धरला की बसणारा झटका हे रबर पिऊन टाकतात. या गाडीचे रबर सैल झाले होते, चक्री हाताने दोन्हीकडे हलत होती. मालक महिनाभर चेनलाच दोष देत होता. नवे रबर बसवले तेव्हा हब दाबून बसवावा लागला, आणि तसंच हवं.

नवी चेन घालताना मेस्त्रींनी जी रीत वापरली ती मला फार आवडली. जुनी चेन पूर्ण काढली नाही. तिच्या एका टोकाला नवी चेन लॉकने जोडली आणि जुनी हळूहळू ओढून घेतली. बंद चेन कव्हरच्या आतून नवी चेन आपोआप जागेवर आली. मग लॉक लावलं. लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे. उलटी बसली तर कशाला तरी घासून ती उडू शकते, आणि घाटात सुटलेली चेन पुढच्या चक्रीत गोळा झाली तर मागचं चाक जागीच अडकतं, गिअरबॉक्सचं आवरण फुटतं. मोठ्या गाड्यांना म्हणूनच रिव्हेटचं लॉक देतात. ते ठोकायला खास हत्यार लागतं. हातोडीने ठोकून बसवलेलं रिव्हेट कुणी दाखवलं तर गाडी तिथून घेऊन निघावं.

शेवटी सैलपणा. नवी चेन म्हटली की मालकाला ती घट्ट हवी असते. चेन घट्ट ठेवणं हा सैल ठेवण्याहून मोठा दोष आहे. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा सांधा, पुढची चक्री आणि मागचा एक्सल या तिघांची जागा अशी असते की गाडी दबली आणि तिन्ही एका रेषेत आली की दोन चक्र्यांमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. त्या क्षणासाठी चेनमध्ये शिल्लक लागते. लहान गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली केल्यावर वीस-तीस मिलिमीटरची हालचाल हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि तो स्टँड लावून मोजायचा की माणूस बसवून, तेही त्यातच दिलेलं असतं. मग दोन्ही बाजूंच्या खुणा बघून चाक सरळ करायचं. मेस्त्री खुणांवर विश्वास ठेवत नाहीत. ते मागे उकिडवे बसून चेनच्या रेषेत डोळा लावतात, चेन चक्रीवर मधोमध येते का ते बघतात.

आता मूळ प्रश्न, दात किती? राधानगरीच्या बाजूला एका दूधवाल्याला मी हाच प्रश्न विचारला. गाडीच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, म्हणजे ऐंशी किलोहून जास्त दूध, वर कॅनचं वजन आणि स्वतः. पहाटे धुक्यात वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करत तो डेअरी गाठतो. त्याने पुढे चौदाऐवजी तेरा दातांची चक्री बसवली आहे. "आधी चढाला क्लच धरून धरून जळका वास यायचा. वर्षाला प्लेटा जायच्या. आता पहिल्यात, दुसऱ्यात निघते निवांत." टॉपची त्याला पर्वा नाही. भरल्या कॅनसकट साठच्या वर जायचंच नसतं. क्लचप्लेटांचे वाचलेले पैसे हा त्याचा खरा नफा आहे. कंपनीने सगळ्या देशासाठी एक आकडा ठरवला; याने आपल्या वाटेसाठी वेगळा ठरवला. मला त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो.

पण तेराच्या खाली जाऊ नये. चक्री लहान तितकी चेनची कडी तिच्यावरून जाताना जास्त वाकते. पंधरा दातांवर प्रत्येक कडीला २४ अंश वळावं लागतं, तेरावर जवळजवळ २८. वळणं म्हणजे पिनेचं बुशमध्ये घासणं, म्हणजेच झीज. शिवाय चक्री खरी गोल नसते, ती बहुकोन असते. दात कमी तितका कोन ठळक, आणि तितकी चेनची चाल अडखळती. १८ दातांवर प्रत्येक कडीमागे चेनचा वेग दीड टक्क्याने हलतो, १५ वर सव्वादोन टक्क्यांच्या जवळ, १३ वर जवळजवळ तीन, १२ वर साडेतीनच्या घरात. ही थरथर पायाला जाणवते. चिमट्यावरची रबरी पट्टीही लहान चक्रीमुळे लवकर कापली जाते, कारण चेन तिच्या आणखी जवळून पळते. ओढ जास्तच हवी असेल तर पुढे तेरावर थांबावं आणि उरलेले दात मागे वाढवावेत.

दातांची संख्या विषम असण्याचाही फायदा असतो. चेनच्या कड्या नेहमी सम असतात. चक्रीचे दातही सम असले तर एका दाताच्या वाट्याला कायम आतली कडीच येते, शेजारच्याला कायम बाहेरची. विषम दात असले की प्रत्येक फेरीला अदलाबदल होते आणि झीज वाटली जाते. दोन पर्याय जवळपास सारखे असतील तर विषम आकडा निवडावा.

दूधवाल्याच्या उलट टोकाला हमरस्त्यावर धावणारे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, पण पुणे-कोल्हापूर, नगर-संभाजीनगर किंवा मराठवाड्यातल्या सपाट रस्त्यांवर रोज शंभर-दीडशे किलोमीटर करणारे पुष्कळ आहेत. विक्रेते, विमा एजंट, जिल्ह्याच्या गावी नोकरीला जाणारे शिक्षक. एकटा माणूस, पाठीवर पिशवी, स्थिर वेग. यांच्यासाठी पुढचा एक दात जास्त चांगला. इंजिन शांत चालतं, हँडलची थरथर कमी होते आणि ॲव्हरेजही सुधारू शकतं. मात्र शहरात फिरणाऱ्याने ॲव्हरेजच्या आशेने हे करू नये. सिग्नल ते सिग्नल गाडीत वरचा गिअर पडतच नाही, क्लच जास्त वेळ धरावा लागतो, इंजिन गुदमरत चालतं आणि वाचवायला निघालेलं पेट्रोल त्यातच जातं. जेवणाचे डबे पोचवणारा पुण्यातला एक मुलगा हे करून बसला होता. दोन आठवड्यांत त्याने जुनी चक्री परत बसवून घेतली.

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून लडाखला निघणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. खारदुंगलासारख्या खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच उरतो. इंजिनाला श्वास पुरत नाही, ताकद उतरते, आणि मागे सामानाच्या पेट्या बांधलेल्या असतात. जाणकार एक दात कमी असलेली पुढची चक्री सामानात घेऊन निघतात. महाराष्ट्र ते मनाली सपाटीवर कंपनीची चक्री, मनालीत एका तासाचं काम, आणि परत येताना पुन्हा अदलाबदल. खिशात मावणारा, किरकोळ वजनाचा तुकडा, पण खिंडीतल्या दगडमातीच्या वळणावर गाडी बंद पडणं त्याच्यामुळे टळतं.

जुन्या बुलेटवाल्यांना हा विषय निघाला की चेव येतो, आणि तो रास्त आहे. कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटची मागची चक्री वेगळी निघत नाही. ३८ दात ब्रेक ड्रमलाच घडवलेले असतात. दात झिजले की आख्खा ड्रम बदलायचा. म्हणून गिअरिंग बदलायचं ते पुढेच. आणि पुढची चक्री कुठे? डाव्या बाजूला, प्रायमरी चेनच्या आवरणाच्या आणि क्लचच्याही मागे. ती बदलायला आवरण उघडायचं, ऑइल सोडायचं, क्लच उतरवायचा. लहान गाडीत पंधरा मिनिटांत होणारं काम इथे अर्धा दिवस खातं. तरी लोक ते करतात, कारण १६ किंवा १७ च्या जागी १८ दात घातले की सपाट रस्त्यावर बुलेटचा ठोका सावकाश, मोकळा पडायला लागतो. ज्यांना घाट आणि मागे माणूस असतो, त्यांनी या मोहात पडू नये असंच मी सांगेन.

गिअरिंग बदलल्यावर एक गोष्ट तपासावी. ज्या गाडीचा वेग पुढच्या चाकावरून मोजला जातो, तिचा काटा बरोबरच राहतो. ज्या गाडीत तो गिअरबॉक्सकडून मोजला जातो, तिथे काटा आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही चुकायला लागतात. मग ॲव्हरेजचा हिशेबही चुकतो, आणि वाढलं म्हणून सांगणाऱ्याचं खरं तर कमी झालेलं असतं.

बाजारात माल दोन प्रकारचा. कोइंबतूरच्या एलजीबीचं रोलॉन, मुरुगप्पा समूहाचं टीआय डायमंड, जपानचं डीआयडी ही नावं गॅरेजात रोज ऐकू येतात. आणि त्यांच्या खोक्यांची नक्कल करणारा बिननावाचा मालही तितकाच. चक्रीचा दात वरून टणक केलेला असायला हवा. खऱ्या मालावर कानस घसरते, नकली दात कानशीला लगेच लागतो. मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मधे रबरी ओ-रिंग किंवा एक्स-रिंग असते. कारखान्यात भरलेलं ग्रीस ती आत कोंडून ठेवते. ही चेन पेट्रोलने धुऊ नये, रबर खराब होतं. सर्व्हिसिंगला पाण्याचा जोरदार फवाराही तिच्यावर जवळून मारू देऊ नये. साधी चेन असो की रिंगवाली, गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असताना आतल्या बाजूने नव्वद नंबरचं ऑइल किंवा स्प्रे द्यावा आणि वरचं पुसून टाकावं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे काम दुपटीने करावं लागतं. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चेनला घालायची पद्धत गावोगाव आहे. त्यात धातूचा बारीक चुरा असतो. तो पिनेत शिरून घासण्याचंच काम करतो.

चेनला तेल देताना, ती पुसताना इंजिन बंद असायलाच हवं. स्टँडवर गाडी, इंजिन चालू, गिअर टाकलेला आणि फिरत्या चेनला फडकं धरलेलं, असं दृश्य रस्त्याकडेला अजून दिसतं. फडकं चक्रीत ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटंही. हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. चाक हातानेच फिरवावं.

आणि कव्हर. जावा-येझदीच्या मागच्या चेनला पूर्ण बंद आवरण आणि रबरी नळ्या होत्या. शंभर सीसीच्या साध्या गाड्यांनी ते बंद कव्हर टिकवलं, म्हणूनच मुरमाच्या रस्त्यावर, उसाच्या चिखलात त्यांच्या चेन इतकी वर्षं तग धरतात. आता स्पोर्टी दिसण्यासाठी चेन उघडी ठेवतात, तिथपर्यंत ठीक. पण तरुण मुलं गाडी घेतल्याच्या आठवड्यात साडी गार्डही काढून टाकतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण दुचाकीला असलंच पाहिजे. पदर आणि ओढणी चाकात, चेनमध्ये ओढली जाते आणि बाई गाडीवरून फेकली जाते, गळ्याला फास बसतो. हा नियम त्यासाठी आहे. मागे आई, बायको किंवा बहीण बसत असेल, तर तो पत्रा काढू नका. काढला असेल तर चेनसेटबरोबर तोही बसवून घ्या.

पुढच्या वेळी गाडी गॅरेजला टाकाल तेव्हा जुन्या चक्र्या हातात मागून घ्या आणि दात मोजा. मेस्त्रींना सांगा गाडी कुठे चालते, किती वजन ओढते, घाट किती लागतो. दोघांनी मिळून आकडा ठरवा. बसवलेल्या दोन्ही चक्र्यांचे दात आणि त्या दिवशीचे किलोमीटर बिलावर लिहून घ्या, आणि बिल गाडीच्या कागदांत ठेवा.